लाल पेल्यांची घटपर्णी

लग्न होऊन अमरावतीला आले त्या दिवशी देवाच्या पाया पडून झाल्यावर सासरे मला सरळ गच्चीवर घेऊन गेले. अंगावर जड शालू, जिना अरुंद, आणि मागे नात्यातल्या बायकांची कुजबुज. गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात बांबूचं आणि वाळ्याच्या ताट्यांचं एक छप्पर केलेलं होतं. आत गार, ओला वास. मधे टांगलेल्या कुंडीतून एक वेल खाली आली होती आणि तिच्या पानापानाच्या टोकाला वीतभर उंचीचा एकेक पेला लोंबत होता, वर झाकण असलेला.

"ओळखलं?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना मी मामंजी म्हणत असे.

"घटपर्णी," मी म्हणाले. मी नागपूरला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, पण हे झाड ओळखायला कॉलेजची गरज नव्हती. अकोल्याला बाबांच्या दवाखान्यात असंच झाड होतं. मुंग्या, माश्या त्या पेल्याच्या निसरड्या ओठावरून आत घसरतात, तळाच्या पाण्यात बुडतात आणि झाड त्यांना हळूहळू पचवतं, हे मी शाळेत असल्यापासून पाहत आले होते.

"ही मादी हाय," मामंजी म्हणाले. "तुमच्याकडचा नर." आणि ते खाली गेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटायला लागलं ते दोन-तीन दिवसांनी. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "तुले खरं सांगू का? या घरात मुली पुष्कळ सांगून आल्या होत्या. परतवाड्याची एक तं तुह्याहून उजळ होती. पण तुह्या बापाच्या दवाखान्यात ते कीडखाऊ झाड होतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग मला एकेक गोष्ट आठवायला लागली. लग्नाच्या आदल्या वर्षी मामंजी अकोल्याला आमच्याकडे आले होते. तेव्हा ते माझे कोणी नव्हते. कापसाच्या सरकारी फार्मवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले अधिकारी, दवाखान्यातलं झाड पाहायला आले आहेत, एवढंच बाबांनी सांगितलं होतं. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पूर्वेच्या खिडकीतल्या आमच्या घटपर्णीकडे पाहत होते. बाबांचा एक वर्गमित्र आसामात चहाच्या मळ्यावर डॉक्टर होता, त्यानं ते रेल्वे पार्सलनं पाठवलं होतं. त्याचे पेले तळापासून झाकणापर्यंत गर्द लाल होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. मामंजींनी कलकत्त्याच्या रोपवाटिकेतून मागवलेल्या मादीचे पेले हिरवे, फक्त ओठाला तांबूस कड. तिला फुलं यायची आणि वाळून जायची, कारण या जातीत नर आणि मादी वेगवेगळ्या वेलीवर असतात. त्या भेटीनंतर दोन महिन्यांनी त्यांच्या मुलासाठी मला मागणी आली.

मी नवऱ्याला विचारलं. ते एका हायस्कुलात गणित शिकवायचे. म्हणाले, "मी तुला पाहिलं तेव्हा झाड पाहिलं नव्हतं." उत्तर चांगलं होतं, पण त्यांनी ते फार पटकन दिलं असं मला वाटत राहिलं.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी जायला निघाले तेव्हा मामंजींनी विषय काढलाच. "डॉक्टरसाहेबांना म्हणा, झाडाची फांदी मी मागत नाई. फक्त पराग द्या. बी होईल ते निम्मं-निम्मं."

कापसाच्या फार्मवर त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं होतं. चांगल्या बोंडांची झाडं निवडायची, त्यांचा संकर करायचा, पुढच्या पिढीतून पुन्हा निवडायचं. आता त्यांना सगळे पेले लाल असलेली वेल तयार करायची होती, आणि तीही वऱ्हाडच्या उन्हाळ्यात टिकणारी.

बाबा खूश झाले, पण त्यांनीही अट घातली. पराग मी न्यायचा आणि फुलावर मीच लावायचा. "तुझ्या सासऱ्याच्या हातात देऊ नको," ते म्हणाले. का, ते सांगितलं नाही. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत पिवळी धूळ भरून, कापसाचा बोळा लावून मी ती अमरावतीला आणली. कानकोरण्याला गुंडाळलेल्या कापसानं मी ती मादीच्या फुलांवर लावत होते आणि मामंजी माझ्या खांद्यावरून पाहत होते. मधेच म्हणाले, "हे लाल झाडाचेच परागकण ना? डॉक्टरांकडे दुसरं हिरवं झाड तं नाई?"

"एकच झाड आहे आमचं."

"आमचं," ते म्हणाले. तो शब्द मी लग्न झाल्यावरही माहेरच्या झाडासाठी वापरला, हे त्यांनी नोंदवून ठेवलं असावं.

बी धरलं. दोऱ्याच्या तुकड्यांसारखं, फुंकर मारली तर उडेल असं. मामंजींनी पांढऱ्या कागदावर ते पसरून दोन ढीग केले आणि एक पुडी अकोल्याला पाठवली.

त्यानंतरची वर्षं वाट पाहण्यात गेली. घटपर्णी फार हळू वाढते. पावसाळ्यात मामंजी चिखलदऱ्याला जाऊन झाडांच्या बुंध्यावरचं शेवाळ पोत्यात भरून आणायचे. विहिरीचं पाणी खारं, त्यानं मुळं जळतात, म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी रांजणांत साठवलेलं असे आणि त्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. मे महिन्यात अंगणात उभं राहवत नसे तेव्हाही वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला ते दुपारभर वर-खाली करत. आत्याबाई जिन्याखाली बसून म्हणायच्या, "माह्या बाळंतपणात हे इतके चढले-उतरले नाई." शेजारची एक बाई तर तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडे यायचीच नाही. मांस खाणारं झाड आहे म्हणे, पोरीला त्याचा वास बाधेल.

माझा मुलगा चालायला लागेपर्यंत रोपांना बोटाएवढे पेले आले होते, आणि तो पाटी-पेन्सिल धरायला लागेपर्यंत रंग ओळखू येऊ लागले. गच्चीवरची बरीच रोपं तांबडी होती. पाच-सहा तर सबंध लाल. एकीचे पेले बाबांच्या झाडापेक्षाही गडद होते. तिला मामंजी थोरली म्हणत. भिंतीच्या बाजूच्या रांगेतली रोपं मात्र हिरवी निघाली. ती त्यांनी एका सकाळी उपटली आणि गल्लीच्या तोंडाशी उकिरड्यावर टाकून दिली. मला वाईट वाटलं, पण निवड अशीच करतात हे मलाही माहीत होतं.

अकोल्याला बाबांनी घरामागच्या चिंचेखाली छप्पर बांधून आपली रोपं लावली होती. ती जवळजवळ सगळी हिरवी निघाली.

बाबा नातवाला पाहायला आले तेव्हा मामंजींनी त्यांना हौसेनं गच्चीवर नेलं. बाबा लाल पेल्यांसमोर बराच वेळ उभे राहिले.  निघताना मी त्यांना टांग्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "एकाच फळातलं बी ना? मग सगळं लाल त्यांच्याकडे आणि सगळं हिरवं माझ्याकडे, हे कसं?"

"बी पाहून रंग कळत नाही, बाबा."

"तुला कळत नाही. त्यानं जन्मभर हेच केलंय. कुणास ठाऊक, माझी पुडी दुसऱ्याच फळातली असेल."

परत आले तर मामंजी दारात थांबलेलेच. "काय म्हणत होते डॉक्टर?"

"त्यांच्याकडची हिरवी निघाली, असं म्हणत होते."

ते हसले. "असं सांगून राहिले का? मंग दाखवत काहून नाई? मी दोनदा अकोल्याला गेलो, दोन्ही वेळा मले दवाखान्यातच बसवून चहा पाजला. मागं लाल रोपं लपवून ठेवली असतील."

तेव्हापासून मी दोन्हीकडची खबरी झाले, निदान दोघांना तसं वाटू लागलं. अकोल्याहून परत आले की मामंजी आधी प्रकृती विचारायचे आणि मग चिंचेखालच्या छपराबद्दल. मी सांगितलेलं त्यांना पटत नसे. माहेरी गेले की बाबा म्हणायचे, "तू आता त्यांची झालीस, तू थोडंच सांगणार." मी खोटं कुणाशीच बोलत नव्हते आणि माझ्यावर विश्वास कुणाचाच नव्हता. हळूहळू मलाही शंका यायला लागली. मामंजींनी खरंच पुड्या बदलल्या असतील का? बाबांनी खरंच काही लपवलं असेल का? माहेरच्या परसात मी एकदा जळणाच्या खोलीचं दार ढकलून पाहिलं. आत जळणच होतं.

मग थोरलीचा शेंडा गेला.

श्रावणात मी चार दिवस अकोल्याला जाऊन आले; मी निघायच्या आदल्या दिवशी मामंजी शेवाळ आणायला चिखलदऱ्याला गेले होते, ते मी परतल्यावर रात्री आले. परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी गच्चीवरून खाली आले ते नेहमीसारखे वर्तमानपत्राकडे न जाता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "थोरलीचा शेंडा कोनं कापला?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी वर जाऊन पाहिलं. वरची चार-पाच पानं, पेल्यांसकट, नाहीशी झाली होती. काप अगदी सफाईचा, धारदार पात्याचा, तिरका. कलम करायला कापतात तसा. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली तो भाग.

ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत. दुपारी बाजारात जाऊन कुलूप आणलं आणि छपराच्या दाराला लावलं. किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला.

संध्याकाळी नवरा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तू नेलं असशील तर मला सांग. मी समजावतो त्यांना."

मामंजींच्या कुलपापेक्षा मला तो समजूतदार आवाज जास्त लागला. मी म्हणाले, "तुम्ही मला विचारलंत ना, ते मी लक्षात ठेवीन." आणि ठेवलंही.

पुढचे कितीतरी महिने घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं. मी जिन्यापाशी गेले की मामंजी खोकायचे. मीही मनातल्या मनात एकेकाला तपासत असे. कदाचित मामंजींनीच कापला असेल, मला पकडायला. कदाचित बाबांनी कुणाला तरी पाठवलं असेल. शेजारणीवरही मी संशय घेतला.

संक्रांतीला मला माहेरचं बोलावणं आलं. निघायच्या वेळी मामंजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, "सूनबाईची पिशवी एकदा पाहून घे." नवरा खाली वाकला. पिशवीच्या बंदाला त्यांचा हात लागला असेल-नसेल, तोच आत्याबाई आतून आल्या.

"हात काढ," त्या मुलाला म्हणाल्या. मग मामंजींकडे वळून, "तो शेंडा मी कापला. दाढीच्या पात्यानं. ओल्या फडक्यात गुंडाळून कणसांच्या टोपलीत खाली ठेवला आन् इच्या हातानं डॉक्टरले पाठवला. इले काईच माहीत नाई."

 आत्याबाईच पुढे बोलल्या. "त्या मानसानं पोरगी देल्ली, पराग देल्ला, आन् त्याच्या पदरात सगळं हिरवं. मले लाज वाटत होती. डॉक्टरले निरोप धाडला होता का इले सांगू नका म्हून. मले वाटलं, तुमी मले विचारसान, मंग मी सांगीन. तुमी मले विचारलंच नाई. सगळे इच्याकडेच पाहून राहिले. मंग मीही भ्याली."

मामंजी खाटेवर बसले.  आता हे आत्याबाईंवर चिडतील किंवा माझी माफी मागतील, असं मला वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी विचारलं, "डॉक्टरकडे जगली का ती?"

आत्याबाईंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मामंजींनी कोट घातला आणि माझ्याबरोबर अकोल्याला निघाले. 

बाबांनी मामंजींना पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. या खेपेला दवाखान्यात बसवलं नाही. सरळ मागच्या अंगणात नेलं. चिंचेखालच्या छपरात हिरव्या रोपांच्या रांगेत एका मोठ्या कुंडीत कलम उभं होतं, चांगलं वाढलेलं, नवी पानं फुटलेलं. त्याचे पेले हिरवे होते. अंगावर जेमतेम चार तांबडे ठिपके.

"ही आमची थोरली नाई," मामंजी म्हणाले.

"हीच आहे."

"डॉक्टरसाहेब, मी कापसात केस पिकवले. लाल झाडाच्या फांदीले हिरवं फळ लागत नाई. आमचं कलम तुमी दुसरीकडं ठेवलं आन् मले हे दाखवून राहिले."

बाबांचा चेहरा उतरला. "माझ्या अंगणात उभं राहून तुम्ही मला चोर म्हणताय, व्याहीबुवा."

"चोरीचं कलम तुमच्याच अंगणात हाय."

दोन म्हातारी माणसं हातभर अंतरावर उभी होती आणि आता यांचं बोलणं कायमचं तुटतं असं मला वाटलं. त्यांच्याकडे पाहवेना म्हणून मी कुंडीपाशी खाली बसले. कलमाच्या अगदी बुडाशी एक जुनं पान अजून टिकून होतं. त्याच्या टोकाचा पेला अर्धा वाळला होता, पण खालचा अर्धा भाग ताजा होता. गर्द लाल. त्याच काडीवर त्याच्या वरचा पेला फिका तांबूस, त्याच्या वरचे हिरवे.

"मामंजी, इकडे या," मी म्हणाले. "बाबा, तुम्हीही."

दोघं वाकले. मी बोटानं खालून वर दाखवत गेले. अमरावतीला उमललेला पेला, आणि इथे आल्यावर उमललेले. काडी एकच, कुठे जोड नाही. मामंजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, काडीवरून अंगठा फिरवून पाहिला. मग मान वर करून चिंचेकडे पाहिलं. फांद्यांतून आकाश दिसत नव्हतं.

"इथं ऊन किती येतं?" त्यांनी विचारलं.

"फारसं नाही," बाबा म्हणाले. "भाजू नयेत म्हणून मी मुद्दाम सावलीत ठेवली."

माझ्या डोळ्यांसमोर आमची गच्ची आली. पूर्वेचं ऊन, ताट्यांतून झिरपणारं. आणि भिंतीकडची ती रांग, जिथे ते पोचत नव्हतं. मामंजींनाही तेच आठवलं असणार, कारण ते हळूच म्हणाले, "मी उपटली ती भिंतीकडचीच होती."

कापूस सगळा उघड्या रानात असतो. एकाच उन्हात उभ्या झाडांमधून निवड करायची त्यांना सवय होती; ऊन सगळ्यांना सारखं आहे की नाही, हे तपासायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दुपारी जेवताना ते बाबांना म्हणाले, "थोडा तरी लाल रंग बियातून येत असेलच ना? की सगळाच उन्हाचा?" त्यांचा तो प्रश्न मला केविलवाणा वाटला. बाबांनी त्यांच्या पानात पुरणपोळी वाढली आणि म्हणाले, "ते पाहिल्याशिवाय कसं सांगणार."

मग आम्ही ते पाहिलं. मीच सुचवलं, आणि या वेळी दोघांनी ऐकलं. अकोल्याची निम्मी रोपं आमच्या गच्चीवर आणली, आमची निम्मी चिंचेखाली नेली. देवघेव दोघांच्या समोर झाली, प्रत्येक कुंडीवर दोघांनी आपापली खूण केली, कारण विश्वास अजून तेवढा बसला नव्हता. वर्षभरात बहुतेक रोपांनी रंग बदलला. अकोल्याची हिरवी उन्हात तांबडी झाली, आमची तांबडी सावलीत हिरवी. थोरलीसुद्धा त्यातलीच. काही थोडी भर उन्हातही हिरवीच राहिली. आणि दोन रोपं, एक आमच्याकडचं आणि एक बाबांच्या वाट्याचं, सावलीतही लालच राहिली. त्यांचा रंग बियातून आलेला होता. बाबांच्या वाट्याचं ते रोप इतकी वर्षं चिंचेखाली लालच होतं, पण पेले लहान म्हणून त्यांनी ते मागे सारून ठेवलं होतं.

त्या दिवसांत मामंजी संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहायचे. उकिरडा केव्हाच उचलला गेला होता. त्या टाकलेल्या रोपांत काय होतं, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

माझी माफी त्यांनी कधी मागितली नाही. छपराचं कुलूप निघालं, आणि काही आठवड्यांनी पुन्हा लागलं. वानरं येतात, असं त्यांनी सांगितलं. आमच्या गल्लीत मी वानर कधी पाहिलं नव्हतं. पण किल्ली आता जिन्याच्या खिळ्याला लटकत असे, कुणाच्याही हाताला येईल अशी.

पुढे त्या दोन्ही लाल वेलींना एकाच मोसमात कळ्या आल्या. दोघींचा संकर करायचा, म्हणजे पुढची पिढी सबंध लाल निघेल, असा मामंजींचा बेत होता, आणि त्यासाठी बाबा आपली कुंडी मांडीवर घेऊन बसनं अमरावतीला आले होते. एक नर आणि एक मादी निघेल, असं दोघांनी धरूनच ठेवलं होतं. पहिलं फूल उघडलं तेव्हा मी भिंग घेऊन पाहिलं. पिवळी धूळ. दुसऱ्या वेलीचं पाहिलं. पिवळी धूळ.

"दोन्ही नर आहेत," मी म्हणाले.

मामंजींनी माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि स्वतः पाहिलं. मग ते बाबांना दिलं. बाबांनी दोन्ही फुलं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि भिंग मामंजींकडे परत दिलं. खालून आत्याबाई चहा झाल्याचं ओरडून सांगत होत्या. दोघं तरीही वाकून, आळीपाळीनं, एकेक फूल तपासत राहिले.